गाण्याचा तास कुणी पळवला?

मुलांनो, आज एक काम करा. दप्तरातून तुमचं शाळेचं वेळापत्रक काढा. सोमवार ते शनिवार, सगळे रकाने नीट बघा. गणित किती वेळा आलंय? इंग्रजी? विज्ञान? आता त्यात 'संगीत' किंवा 'गायन' असा शब्द कुठे दिसतोय का ते शोधा. काही जणांना तो सापडेल. आठवड्यातून एकदा, बहुधा दुपारच्या सुट्टीनंतर, सगळे पेंगुळलेले असताना. काही जण म्हणतील, "छे हो, तो तास नुसता कागदावर आहे. त्या तासाला आमचे गणिताचे सर येतात आणि राहिलेला भाग संपवतात." आणि बऱ्याच जणांच्या वेळापत्रकात तो शब्दच नसेल.

मग हा तास गेला कुठे? कुणी पळवला?

चोर शोधायला फार लांब जायला नको. एक चोर तर मीच आहे!

चोराचा कबुलीजबाब

मी गणिताचा मास्तर. मिरजेपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका गावात, हायस्कुलात बरीच वर्षं शिकवलं. आमच्याकडे गायनाचे एक सर होते. गुरुवारी सातवीला त्यांचा तास असायचा. घंटा झाली की दोन पोरं ऑफिसात पळत जायची आणि पेटी उचलून आणायची. सर भाता सोडायचे, काळी चारचा सूर धरायचे, आणि शेजारच्या वर्गात मी शिकवत असलेल्या लसावि-मसाविचा पुरता बोजवारा उडायचा. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो.

पुढे ते सर निवृत्त झाले. त्यांची जागा काही भरली गेली नाही. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या सभेत विचारलं, "गुरुवारचा तो रिकामा तास कोण घेतंय?" मी चटकन हात वर केला. सातवीचे अपूर्णांक मागे पडले होते ना! पेटी कपाटात गेली. तिच्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बसले. मला वाटलं, मी मुलांवर उपकारच करतोय.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो आता मोठा झालाय आणि हे पान त्याच्या मुलीच्या हातात पडण्याचा संभव आहे. तो बोलताना अडखळायचा. हजेरीला नुसतं "हजर सर" म्हणायचं, तरी 'ह'वर अडकून पडायचा. मुलं फिदीफिदी हसायची. शेवटी तो तोंड न उघडता हात वर करू लागला, आणि मीही ते चालवून घेतलं. फळ्यावर गणित दिलं तर उत्तर बरोबर काढायचा, पण "कसं काढलंस ते सांग" म्हटलं की खाली मान. मी मनातल्या मनात त्याच्यापुढे शेरा लिहून टाकला होता : या पोराला बोलता येत नाही.

दिवाळीनंतर आमची सहल पन्हाळ्याला गेली. एसटीचा लाल डबा. परतताना अंधार पडला आणि गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. अर्ध्या तासानं सगळे सिनेमातली गाणी म्हणून दमले. एका गटावर भेंडी चढायला लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. जात्यावरची एक जुनी ओवी. उंच पट्टीतला, स्वच्छ, मोकळा आवाज. एक शब्द अडखळला नाही, एक अक्षर तुटलं नाही. गाडी गप्प झाली. मी मागे वळून पाहिलं. तोच मुलगा!

ओवी संपली. ड्रायव्हरमामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "म्हण की रं पोरा आणि एक."

गाडी थांबल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, इतकं छान म्हणतोस, मग कधी कळू नाही दिलंस?"

तो दोनदा अडखळला. मग म्हणाला, "गुरुवारी म्हणत होतो, सर."

त्या पोराला गाताना काय व्हायचं?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. यात चमत्कार काही नाही. बोलताना अडखळणारी बरीच माणसं गाताना मुळीच अडखळत नाहीत. डॉक्टरांना आणि वाचा-उपचार करणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. गाण्यात शब्द आधीच ठरलेले असतात. ते कधी उच्चारायचे ते ताल सांगतो. स्वर लांबवता येतो. चारजण बरोबर म्हणत असतील तर त्यांचाही आधार मिळतो. गाण्यानं अडखळणं बरं होतं असं मात्र नाही. गाणं संपलं की ते परत येतं.

पण विचार करा. आठवड्यात जवळजवळ पन्नास तास. त्यातल्या एकाच तासाला हा मुलगा इतरांसारखा असायचा. किंबहुना इतरांपेक्षा एक पाऊल पुढे असायचा. आणि नेमका तोच तास मी उचलून अपूर्णांकांना देऊन टाकला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि आमचा मुलूख तरी कसला!

मिरजेचं अंगण

मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. तिथे सतारमेकर गल्ली आहे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले कारागीर एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तानपुरे बनवू लागले, आणि आजही त्यांचे वंशज भोपळा कोरताना, तार जुळवताना दिसतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 'भौगोलिक मानांकन' मिळालं. म्हणजे नागपूरच्या संत्र्याला असतं तसं, या वस्तूचं आणि या गावाचं नातं सरकारदरबारी नोंदलं गेलं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच राहत.

आणि मिरजेजवळच्या कुरुंदवाडला १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. ते लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात त्यांच्या तोंडाजवळ फटाका फुटला आणि डोळ्यांना मोठी इजा झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला आणलं. नजर पूर्वीसारखी झाली नाही. शाळा सुटली. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानं ते पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागले.

त्या काळी गाणं शिकणं म्हणजे काय होतं, माहीत आहे? गुरूच्या घरी राहायचं. पाणी भरायचं, पाय चेपायचे, मिळेल ते खायचं. गुरूंची मर्जी असेल तेव्हा चार सुरांचं दान पदरात पडायचं. काही घराण्यांत तर ठेवणीतल्या चिजा बाहेरच्याला ऐकूही देत नसत. शिवाय गाणं-बजावणं हे 'चांगल्या घरच्या' मुलांचं काम नव्हे असं लोक मानत. मुलींची तर बातच नको.

विष्णुबुवांना हे सलत होतं. १८९६ साली ते मिरज सोडून निघाले. गावोगाव गात गात थेट लाहोरला पोहोचले. तिथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी 'गांधर्व महाविद्यालय' सुरू केलं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा काढली होती, पण तिला राजाचा खजिना होता. विष्णुबुवांनी आपली शाळा लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफिलींच्या पैशावर चालवली. तिथे वर्ग होते, वेळापत्रक होतं, छापील पुस्तकं होती, परीक्षा होत्या. मुलींनाही शिकता येत होतं. म्हणजे गणिताला जे काही असतं ते सगळं त्यांनी गाण्याला मिळवून दिलं!

१९०८ साली ते मुंबईला आले. तिथेही विद्यालय काढलं. पुढे कर्ज झालं, इमारत हातची गेली, पण शिष्य मागे हटले नाहीत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी त्यांच्याच शाळेतली 'मुलं'. १९३१ साली विष्णुबुवा गेले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्यापैकी कुणी 'प्रारंभिक' किंवा 'प्रवेशिका' परीक्षेला बसलं असेल, तर त्या परीक्षेचा धागा थेट कुरुंदवाडच्या त्या मुलापर्यंत जातो.

याच काळात मुंबईत एक वकील होते, पंडित विष्णू नारायण भातखंडे. ते वकिली सोडून देशभर हिंडले. खाँसाहेबांकडून, बुवांकडून चिजा मिळवल्या, लिहून घेतल्या, आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' या नावानं मराठीत छापून सगळ्यांसमोर ठेवल्या. १९१८ साली ग्वाल्हेरला आणि १९२६ साली लखनौला त्यांच्या पुढाकारानं संगीताची विद्यालयं उभी राहिली. या दोन विष्णूंची स्वर लिहिण्याची पद्धत वेगळी, मतंही बऱ्याच बाबतीत वेगळी. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं : गाणं ही लपवून ठेवायची वस्तू नाही, सगळ्यांना शिकवायची विद्या आहे.

त्यांनी ती कोंडीतून बाहेर काढली, आणि मी? मी ती पुन्हा कपाटात घालून वर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले.

अँथनी गोन्साल्विस कोण होता?

"पण सर, गावातल्या प्रत्येक पोराला गाणं शिकवून काय मिळणार? सगळे काय लता-आशा होणार आहेत?" असं मला एका पालकांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिरजेहून घाट उतरून गोव्यात गेलं की सापडतं.

'अमर अकबर अँथनी' हा १९७७ सालचा सिनेमा तुमच्या आई-बाबांना विचारा. त्यात एका मोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतो आणि आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं गाऊन सांगतो. हे नाव कल्पनेतलं नाही बरं का! संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरूंचं ते नाव. शिष्यानं गुरूला दिलेली ही आगळी गुरुदक्षिणा!

हे खरे अँथनी गोन्साल्विस १९२७ साली दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावी जन्मले. वडील गावातल्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून, गोव्यातल्या चर्चना जोडून गावशाळा असत. तिथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरओळखही शिकवत. हेतू साधा होता, चर्चमधल्या प्रार्थनेला गाणारे आणि वाजवणारे हवेत. पण परिणाम बघा. शेतकऱ्याचा, रेंदेराचा, सुताराचा मुलगासुद्धा कागदावरचे स्वर वाचायला शिकायचा. तुम्ही धडा वाचता ना, तसा.

या मुलांपैकी बहुतेक जण पुढे आपापल्या धंद्याला लागले. पण काहींनी व्हायोलिनची पेटी काखेत मारली आणि मुंबई गाठली. पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे वाजवणारे वादक, हॉटेलांतले वाद्यवृंद, सगळीकडे गोवेकर दिसू लागले. बोलपट आले, साठ-सत्तर वाद्यांचे ताफे आले, आणि प्रत्येक वादकाला त्याचे स्वर लिहून देणारा माणूस लागू लागला. ते काम गोव्याच्या या मंडळींनी केलं. शंकर-जयकिशनकडे सॅबेस्टियन डिसूझा होते. आपल्या पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट होते. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटात ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. रेडिओवर जुनी हिंदी गाणी लागली की मागे जे व्हायोलिनचे थवे उठतात, त्यांतले कितीतरी हात गोव्याच्या गावशाळेत तयार झालेले आहेत.

आता सांगा, त्या गावशाळेतल्या मास्तरला ठाऊक होतं का, समोर बसलेल्या पोरांपैकी कोण पुढे मुंबई गाजवणार? मुळीच नाही. त्यानं सगळ्यांना शिकवलं. म्हणून त्यातून थोडे निघाले, आणि बाकीचे जन्मभर रविवारी सुरात गात राहिले. निवडून शिकवायला बसला असता, तर कदाचित नेमका अँथनीच राहून गेला असता.

पैसे कुठून आणायचे?

"आमच्या शाळेकडे वाद्यांना पैसे नाहीत." हे दुसरं उत्तर ठरलेलं असतं. त्यासाठी हंगेरी देशातली एक गोष्ट सांगतो.

झोल्टान कोदाय नावाचा मोठा संगीतकार तिथे होऊन गेला (१८८२-१९६७). शाळेतल्या गाण्याची दुर्दशा पाहून तो बेचैन झाला. त्याचं म्हणणं असं : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं वाद्य प्रत्येक मुलाला जन्मतःच मिळालेलं आहे. तो म्हणजे गळा! सुरुवात गळ्यानं करा, आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांनी करा. वाद्य नंतर. १९५० साली त्याच्या जन्मगावी, केच्केमेट इथे, रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. पुढे देशभर तशा शाळा निघाल्या. तिथे हाताच्या खुणांनी स्वर शिकवतात. मूठ मिटली की आपण ज्याला 'सा' म्हणू तो स्वर, तळहात आडवा धरला की 'ग'. आणि गंमत अशी की त्यांचा पहिला स्वरही आपल्या 'सा'सारखा हलता असतो. ज्याचा गळा जिथे लागेल तिथून 'सा' धरायचा. म्हणजे जी सोय आपल्या आजीच्या भजनात आधीपासून आहे, तीच!

आणि लोकगीतं तर आपल्याकडे ढिगानं पडली आहेत. ओव्या, भारुडं, पोवाडे, भोंडल्याची गाणी, कोळीगीतं, गोव्यातल्या फुगड्या आणि धालो. पेटी नसली तरी टाळ आहेत, चिपळ्या आहेत, बाक वाजवायला दहा बोटं आहेत. (बाक वाजवण्यात तुम्ही तरबेज आहात, हे मला पक्कं माहीत आहे.)

गाण्यानं मार्क वाढतात का हो?

हा परिच्छेद खास आई-बाबांसाठी. मुलांनी वाचला तरी हरकत नाही.

१९९३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवलं आणि लगेच कागदाच्या घड्यांची कोडी सोडवायला दिली. मुलांना ती थोडी बरी सुटली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत विरूनही गेला. पण वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला : मोझार्ट ऐका, हुशार व्हा! १९९८ साली तिथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी देण्यासाठी अंदाजपत्रकात पैसे मागितले. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा अनेकांना तो फरक दिसला नाही.

म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही, की मुलाला गाणं शिकवा म्हणजे गणितात पैकीच्या पैकी. गाणं हे गाण्यासाठीच शिकायचं. मराठी आपण शिकतो ते काय भूगोलात मार्क वाढावेत म्हणून?

आपल्याकडे शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण देण्याची पद्धत सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण जरा विचार करा, ते गुण कुणाला मिळतात? ज्याच्या गावात क्लास आहे, ज्याच्या घरी फी भरायची ऐपत आहे, संध्याकाळी क्लासला सोडायला कुणी आहे, त्याला. जो संध्याकाळी गुरं सोडायला जातो, जिला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, त्यांच्यासाठी संगीताचा दरवाजा एकच : शाळेतला तास. तो बंद झाला की मग सारंच बंद. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं तसंच झालं होतं.

तारेवरचं गणित

सहलीनंतरच्या गुरुवारी मी काय केलं, ऐका. पेटी मला वाजवता येत नव्हती. म्हणून एक लांब फळी, दोन खिळे आणि एक बारीक तार घेऊन वर्गात गेलो. तुम्हीही करून पाहा. तार ताणताना मात्र मोठं माणूस जवळ हवं आणि डोळे लांब हवेत.

दोन खिळ्यांमध्ये ९० सेंटिमीटर तार घट्ट ताणा. छेडा. जो सूर निघेल तो आपला 'सा'. आता तारेखाली उभी धार येईल अशी पट्टी किंवा जाड पेन्सिल सरकवा, सतारीला घोडी असते तशी. डावीकडून मोजून ४५ सेंटिमीटरवर ठेवा आणि डावा भाग छेडा. वरचा 'सा' वाजेल! ६० वर ठेवा, 'प' येईल. साडेसदुसष्टवर 'म'. ७२ वर 'ग'.

म्हणजे तारेची लांबी १/२ केली की वरचा सा, २/३ केली की प, ३/४ केली की म, ४/५ केली की ग. अपूर्णांक, मुलांनो, अपूर्णांक! आणि कंपनं मोजली तर उलटं. 'सा'ची सेकंदाला २४० कंपनं धरली तर 'प'ची ३६०, 'म'ची ३२०, 'ग'ची ३००, वरच्या 'सा'ची ४८०. लांबी कमी तितकी कंपनं जास्त. यालाच आम्ही फळ्यावर 'व्यस्त प्रमाण' म्हणतो आणि तुम्ही जांभया देता.

वर्गात मी आकडे सांगायच्या आधीच मागच्या बाकावरचा तो मुलगा पुढे आला. एका हातानं तार छेडत, दुसऱ्या हातानं पेन्सिल हळूहळू सरकवत त्यानं ती एका जागी थांबवली. मान हलवली. मी मोजपट्टी लावली. ६० ला दोन मिलिमीटर कमी. त्यानं 'प' कानानं शोधला होता.

मी म्हटलं, "कसं काढलंस ते सांग." आणि मग जीभ चावली. पण तो म्हणाला, म्हणजे अडखळत म्हणाला, पण पूर्ण म्हणाला, "त-तिथं तो बसतो, सर."

गणितातली याहून चांगली सिद्धता मी अजून ऐकलेली नाही.

मग आता काय करायचं?

आम्ही जे केलं ते सांगतो. पेटी कपाटातून काढली. दोन सूर मुके झाले होते, भाता उंदरांनी कुरतडला होता. शिक्षकांनी वर्गणी काढून मिरजेहून ती दुरुस्त करून आणली. शिकवायला कोण? गावातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले दूध डेअरीत हिशेब लिहायचे. त्यांना विनंती केली. ते दर गुरुवारी येऊ लागले. मानधन म्हणाल तर चहा आणि पोरांचा गलका.

तुम्हालाही काही गोष्टी करता येतील :

एक, वर्गशिक्षकांना किंवा बाईंना नम्रपणे विचारा, "आमचा संगीताचा तास कधी असतो?" भांडू नका, पण विचारायचं सोडू नका.

दोन, शाळेच्या कपाटात काय वाद्यं आहेत ते बघू द्या म्हणून सांगा. कितीतरी शाळांत डग्गा, पेटी, लेझीम, टाळ वर्षातून दोनदाच उजेड बघतात. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला.

तीन, घरी आजीला, आत्याला, शेजारच्या काकूंना येत असलेलं एक गाणं दर महिन्याला शिकून घ्या आणि वर्गात शिकवा. शब्द वहीत लिहून ठेवा.

चार, ही पालकांसाठी. शाळेच्या पालकसभेत मार्कांखेरीज हाही प्रश्न उठवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, सहावी ते आठवीची मुलं शंभराहून जास्त असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तर सांगतं, की अभ्यासाचे विषय आणि 'अभ्यासाबाहेरचे' विषय असे कप्पेच पाडू नयेत. कागद आपल्या बाजूनं आहेत. ते कपाटातून काढायला कुणीतरी हवं.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

तुम्ही विचाराल हे ठाऊक होतं! तो मोठा गायक-बियक झाला नाही. तालुक्याच्या गावी त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना अजूनही थोडा अडखळतो. शाळा सोडेपर्यंत हजेरीला त्यानं हातच वर केला. त्यात काही फरक पडला नाही. पण एकादशीला गावच्या देवळात भजन असतं, तेव्हा पहिला अभंग त्याचा असतो, आणि त्याच्या मागून सारं देऊळ म्हणतं.

मला विचाराल, तर गाण्याच्या तासाकडून एवढीच अपेक्षा करावी. आणि ती फार मोठी आहे.

तर मुलांनो, वेळापत्रक पुन्हा एकदा उघडा. तो तास सापडला, आणि त्या तासाला गणिताचे सर खडू घेऊन आलेले दिसले, तर त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, "सर, एका चोरानं माल परत केलाय. आता तुमचा नंबर!"